वीज पडण्याआधीचा अर्धा तास

ढगात चमकणाऱ्या विजांचे ठिपके आता क्षणार्धात पुण्यातल्या संगणकावर उमटतात. तरीही दरवर्षी अडीच हजारांहून अधिक भारतीय विजेने मरतात. हे गणित चुकतं कुठं?

ज्यांच्या घरी एके काळी मोठ्या पेटीचा रेडिओ होता, त्यांना हा अनुभव आठवत असेल. चैत्र-वैशाखातली घामाघूम करणारी संध्याकाळ. मीडियम वेव्हवर कामगारसभा नाहीतर बातम्या लागलेल्या. बाहेर आभाळ अजून निरभ्र, पण रेडिओ मधूनच 'खर्र... खट्ट' करायला लागतो. घरातली जाणती माणसं म्हणायची, ''कुठं तरी वळीव धरलाय, कपडे आत घ्या!'' आणि बऱ्याचदा तासाभरात खरोखरच धुळीची वावटळ उठायची.

यात जादू कसलीच नव्हती. आभाळात वीज चमकते तेव्हा नुसता उजेड आणि आवाज होत नाही, रेडिओलहरींचा एक जोरदार झटकाही सुटतो. तो शेकडो किलोमीटरवर पोचतो. घरचा रेडिओ तोच झटका पकडून खरखरायचा. रशियाच्या अलेक्झांडर पोपोव्ह यांनी १८९५ साली नेमक्या याच तत्त्वावर वादळाची वर्दी देणारं यंत्र बनवलं होतं. म्हणजे रेडिओवर माणसाचा आवाज ऐकू येण्याच्या कितीतरी आधी विजेचा आवाज ऐकून झाला होता!

आज भारतभर शंभराहून अधिक ठिकाणी बसवलेले संवेदक हीच खरखर रात्रंदिवस ऐकत असतात. संवेदक म्हणजे सेन्सर. इमारतीच्या गच्चीवर अँटेनासारखी उभी केलेली ही यंत्रं. फरक इतकाच, की घरचा रेडिओ 'कुठं तरी' एवढंच सांगायचा. हे संवेदक मिळून 'कुठं' ते सांगतात. त्यांची सगळी माहिती येऊन पडते ती पुण्यात, पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत. 'आयआयटीएम' या इंग्रजी आद्याक्षरांनीच ती जास्त ओळखली जाते. तिथल्या संगणकात या खरखरीचं चित्र तयार होतं आणि ते ज्या मोबाइल अॅपवर कुणालाही फुकट पाहता येतं, त्याचं नाव 'दामिनी'. नाव ऐकून कुणाला मीनाक्षी शेषाद्रीचा सिनेमा आठवेल, तर कुणाला दूरदर्शनवरची प्रतीक्षा लोणकरची मालिका. पण दामिनी या शब्दाचा मूळ अर्थच वीज, तेव्हा नाव देणाऱ्याला दाद द्यायला हवी.

वादळाला आळा बसला, विजेला नाही

नैसर्गिक आपत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भूकंप, महापूर, चक्रीवादळ येतं. वीज येत नाही. तिने एका वेळी एखाददुसरा माणूस जातो. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात, 'वीज पडून शेतमजूर महिला ठार'. पण या चार-चार ओळींची वर्षअखेरीस बेरीज केली की अंगावर काटा येतो. ही बेरीज राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग करतो. (विजेवर खटला भरता येत नाही, पण अपघाती मृत्यूंची नोंद याच खात्याकडे असते.) त्याच्या अहवालानुसार २०२१ साली देशात विजेने २,८८० माणसं दगावली, २०२२ साली २,८८७. त्या वर्षी निसर्गाच्या कोपामुळे जे ८,०६० मृत्यू नोंदले गेले, त्यात पूर, उष्माघात, थंडी, दरडी, वादळं सगळं आलं. त्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एकट्या विजेचा!

आता याच्या शेजारी चक्रीवादळांचे आकडे ठेवून पाहा. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळलं तेव्हा सरकारी हिशेबानुसार सुमारे दहा हजार माणसं गेली. चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आलं. तेही अतितीव्र. पण मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली, कारण वादळ येण्यापूर्वीच लाखो लोकांना किनाऱ्यावरून हलवलं होतं. उपग्रहाची चित्रं, किनाऱ्यावरची रडारं, संगणकाची गणितं आणि गावोगावचे निवारे या सगळ्यांनी मिळून ही किमया केली.

मग जे वादळाला जमलं ते विजेला का जमू नये? उत्तर घड्याळात आहे. चक्रीवादळ समुद्रात चार-पाच दिवस घोंगावतं, सरकारी यंत्रणेला बैठका घ्यायला, बसगाड्या जमवायला वेळ देतं. विजेचा ढग दुपारी दोनला दिसतही नाही, तीनला डोक्यावर उभा असतो आणि साडेतीनला काम उरकून पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. हाताशी असतो फार तर अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात तो दिसायला हवा, समजायला हवा आणि त्याच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसापर्यंत निरोप पोचायला हवा.

त्यातलं पहिलं काम, दिसण्याचं, आता बरंचसं सुटलं आहे.

ढगाच्या पोटात काय चालतं?

वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो. एव्हरेस्टच्या दीडपट! वरच्या भागात कडाक्याची थंडी. तिथं हलके हिमकण आणि जड, गारेसारखे गोळे यांची वर-खाली जाताना टक्कर होते. केस विंचरताना कंगव्यावर वीज साठते, तसाच काहीसा हा प्रकार. हलके कण धन भार घेऊन वर जातात, जड गोळे ऋण भार घेऊन मध्याशी राहतात. भार वाढत वाढत इतका होतो की मधली हवा त्याला अडवू शकत नाही. मग तो कडाडून धावतो. बहुतेक वेळा ढगातल्या ढगातच, काही वेळा खाली जमिनीकडे. ज्या वाटेने तो जातो तिथली हवा क्षणभर तीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. सूर्याचा पृष्ठभागही याच्या एक पंचमांशच गरम असतो.

असा ढग हेरण्याचं जुनं-जाणतं साधन म्हणजे रडार. रडार लहरी सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर, गारांवर आपटून परत येतात. डॉप्लर रडार याच्या पुढे जाऊन ते थेंब आपल्याकडे येताहेत की दूर जाताहेत, किती वेगाने, हेही सांगतं. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा लागतो आणि दूर जाताना उतरतो, तेच हे तत्त्व. परत आलेल्या लहरींचे नुसते आकडे पाहून कुणाला काही कळणार नाही. म्हणून सॉफ्टवेअर त्या आकड्यांना रंग देतं. रिमझिम असेल तिथं निळा-हिरवा, जोराची सर असेल तिथं पिवळा आणि ढगाचा गाभा असेल तिथं लालभडक. सुमारे दहा-दहा मिनिटांची चित्रं एकापाठोपाठ एक फिरवली की ढग कुठून आला, कुठं निघाला हे डोळ्यांना आपोआप दिसतं.

हे चित्र किती मोलाचं असतं ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. देशात २०१३ साली अशी पंधरा रडारं होती, २०२३ साली ती ३७ झाली. मुंबईत तर आता कुलाब्याच्या जोडीला वेरावलीचंही रडार आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारपिटीने मराठवाडा-विदर्भातल्या उभ्या पिकांचा चेंदामेंदा केला होता. थेंब कुठला आणि गार कुठली, हा फरक नव्या पद्धतीच्या रडारला ओळखता येतो.

मात्र रडारला वीज दिसत नाही. त्याला ढगातलं पाणी आणि बर्फ दिसतो. तो ढग विजेने भरला आहे का, आणि ती पडायला लागली आहे का, हे सांगायला पोपोव्हच्याच वाटेने जावं लागतं.

मिलसेकंदाचाही हजारावा भाग

समजा, गावाबाहेरच्या साखर कारखान्याचा भोंगा वाजला. तुमच्या घड्याळानुसार तो तुम्हाला अमुक सेकंदाला ऐकू आला, दुसऱ्या वस्तीवरच्या मित्राला त्यानंतर तीन सेकंदांनी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे भोंगा मित्रापेक्षा तुम्हाला एक किलोमीटर जवळ आहे. एवढ्यावरून नेमकी जागा कळणार नाही, पण नकाशावर एक वक्ररेषा काढता येईल. तिसरा माणूस मिळाला की दुसरी रेषा, आणि दोन रेषा जिथं छेदतील तिथं कारखाना! चौथा माणूस मिळाला तर उत्तराची पडताळणीही होते.

विजेचे संवेदक हेच करतात. अडचण एवढीच, की रेडिओलहर आवाजासारखी रमतगमत जात नाही. ती प्रकाशाच्या वेगाने जाते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर. म्हणजे दोन संवेदकांच्या घड्याळांत एवढासा फरक पडला तरी वीज या शेतातून त्या शेतात गेली! म्हणून प्रत्येक संवेदक उपग्रहांकडून वेळ घेतो. मोबाइलला रस्ता दाखवणारी जीपीएस यंत्रणा इथं घड्याळ लावायच्या कामी येते.

शिवाय खरखर करणारी वीज एकटी नसते. वेल्डिंग, मोटारी, वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्या यांचीही खरखर असतेच. ती गाळायची. मग पाचशे ठिकाणच्या पाचशे चमकांतून कुठला झटका कुठल्या विजेचा, ही लग्नं जुळवायची. झटक्याच्या आकारावरून वीज ढगातल्या ढगात चमकली की जमिनीवर पडली, ते ओळखायचं. आणि हे सगळं करून नकाशावर एक ठिपका टाकायचा. ठिपका दिसतो एवढासा, पण त्याच्यामागे एवढा संसार असतो. आयआयटीएममध्ये डॉ. सुनील पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जाळं उभं केलं. सुरुवात २०१४च्या सुमारास महाराष्ट्रातून झाली. पुढे ते देशभर पसरलं, ८३ संवेदक झाले, मग ११२.

अॅप उघडलं की नकाशावर तुमची जागा दिसते आणि तिच्याभोवती वर्तुळ. गेल्या पाच मिनिटांत पडलेल्या विजा एका रंगात, त्याआधीच्या पाच मिनिटांतल्या दुसऱ्या रंगात, त्याहून आधीच्या तिसऱ्या रंगात. या साध्या रंगयोजनेचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. कारण नुसते ठिपके पाहून वीज कुठं पडली ते कळलं असतं, पण तीन रंग एका ओळीत दिसले की ढग कुठल्या दिशेने चालला आहे ते दिसतं. सगळ्यात शिळा रंग पश्चिमेला, ताजा रंग पूर्वेला, तर ढग पूर्वेला निघाला. तुमचं शेत त्या रेषेवर असेल तर आवरायला घ्या! वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात विजा दिसल्या की अॅप इशारा देतं. ढग ताशी चाळीस किलोमीटरने सरकत असेल, तर वीस किलोमीटर म्हणजे बरोबर अर्धा तास.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. नकाशावरचा ठिपका म्हणजे पडून गेलेली वीज. पुढची वीज नेमकी कुठं पडेल, हे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. ज्या ढगाची पहिलीच वीज तुमच्या डोक्यावर पडणार आहे, त्याचा आधीचा ठिपका असणारच नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ ढगातल्या ढगात चमकणाऱ्या विजांकडे बारकाईने पाहतात. वाढत्या ढगात आधी या आतल्या विजा सुरू होतात, त्यांची संख्या कधी कधी एकाएकी कित्येक पट होते, आणि त्यानंतर थोड्याच मिनिटांत खाली सोसाट्याचा वारा, गारा, धोधो पाऊस सुरू होतो. ढगाचं पोट गुरगुरू लागलं की तो चावणार, असंच म्हणा ना.

साठ हजार विजा, दोन तास

या पद्धतीने काय दिसतं याचा एक नमुना पाहू. २ सप्टेंबर २०२३. मोठ्या विश्रांतीनंतर ओडिशात मान्सून पुन्हा जागा झाला होता. त्या दुपारी अवघ्या दोन तासांत राज्यात सुमारे ६१ हजार विजांची नोंद झाली. एकूण एक नोंदली गेली, ठिपका-ठिपका. आणि त्याच दिवशी बारा माणसं मेली.

त्याआधी २५ जून २०२० रोजी बिहारमध्ये एका दिवसात विजेने ८३ बळी घेतले. भाताच्या कामाचे दिवस, माणसं शेतात. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेरला टेहळणी बुरुजावर पाऊस पाहायला, फोटो काढायला जमलेल्या लोकांवर वीज पडली. तिथं अकरा जण गेले. बिहारच्या शेतात कदाचित मोबाइलच नव्हते. आमेरच्या बुरुजावर मात्र जवळपास प्रत्येकाच्या हातात होता. त्यातून सेल्फी निघत होत्या!

तेव्हा दोष यंत्राचा म्हणता येत नाही. यंत्राने त्याचं काम केलेलं असतं. अडतं ते पडद्यापासून बांधापर्यंतच्या अंतरात.

पहिला अडथळा साधा आहे. खुरपणीला, लावणीला, सोयाबीन काढणीला गेलेल्या बाईच्या हातात स्मार्टफोन नसतो. घरात एकच असतो आणि तो मुलाकडे नाहीतर नवऱ्याकडे. ज्याच्याकडे असतो तो चिखलात भिजू नये म्हणून डब्याच्या पिशवीत ठेवलेला असतो, आणि ती पिशवी टांगलेली असते झाडाला. इशारा वाजतो तो झाडाखाली! त्यातून डोंगराआड रेंज नसते, बॅटरी वाचवायला लोकेशन बंद असतं. शहरात बसून अॅपची रचना करणाऱ्याला हे सुचणं अवघड, पण हे न सुचता चालणार नाही.

दुसरा अडथळा इशाऱ्याच्या भाषेचा. हवामान खातं दर तीन तासांसाठी जिल्हावार तातडीचे अंदाज देतं. 'अमुक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता.' आता एकट्या अहिल्यानगर जिल्ह्याचं क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटर आहे. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडपर्यंत सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या वर. ढग अकोल्यात आणि इशारा जामखेडलाही! दोनदा-चारदा असं झालं, आभाळ कोरडं राहिलं, की पाचव्या वेळी माणूस मान वर करून बघतसुद्धा नाही. याउलट वीस किलोमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबाराशे चौरस किलोमीटर. तेही मोठंच, पण जिल्ह्याच्या मानाने चिमूटभर. इशारा जितका आपल्या गावापुरता होईल, तितका तो ऐकला जाईल. खरी मेहनत आता इथं घ्यायला हवी, नव्या रंगीत नकाशांत नव्हे.

काही राज्यांनी ती घ्यायला सुरुवात केली आहे. आंध्र प्रदेशात २४ एप्रिल २०१८ रोजी तेरा तासांत ३६,७४९ विजा मोजल्या गेल्या. तिथली आपत्ती निवारण यंत्रणा संवेदकांवरून मिळालेली माहिती मंडलनिहाय लोकांपर्यंत पोचवते. (मंडल म्हणजे आपल्या तालुक्याहून लहान विभाग.) केंद्राच्या 'सचेत' यंत्रणेतून ठरावीक भागातल्या मोबाइलवर संदेश जातात. २०२३ साली एके दिवशी सगळ्यांचे फोन एकाच वेळी मोठ्याने कोकलले होते, आठवतं? अनेकांची तारांबळ उडाली, विनोदही झाले. ती या नव्या पद्धतीचीच चाचणी होती. मोबाइलच्या मनोऱ्याच्या टप्प्यातला प्रत्येक फोन एका दमात वाजवता येतो, त्यासाठी अॅप लागत नाही. विजेच्या ठिपक्यांशी या आवाजाची गाठ घातली, तर पुष्कळ काही साधेल.

पण साधे उपायही कमी नाहीत. दुपारी गावात कुणीतरी एकाने, पोलीस पाटलाने, ग्रामपंचायतीच्या शिपायाने, दहावीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीने, नकाशा पाहायचा आणि देवळाच्या नाहीतर शाळेच्या भोंग्यावरून शिवारात ऐकू जाईल असं सांगायचं. याला खर्च किती? कोकणात किंवा मराठवाड्यात जिथं एकेका शिवारात वर्षागणिक वीज पडते, तिथं हा रिवाज का रुजू नये?

ओडिशाने आणखी एक जुनाच मार्ग धरला आहे. ताडाची झाडं लावण्याची योजना. उंच ताड वीज स्वतःवर झेलेल आणि माणसं वाचतील, अशी कल्पना. मात्र रोप लावल्यापासून ताड उंच व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि तोवर आडोसा म्हणून त्याच्याच खाली कुणी उभं राहिलं तर काय घ्या!

पायाळू माणसाचा काय दोष?

कारण झाडाखाली उभं राहणं ही विजेच्या बळींची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात समजण्यासारखी चूक आहे. पाऊस आला की माणूस झाडाखाली जाणारच. वीज झाडावर पडते, खोडातून खाली येते आणि वाटेत शेजारी उभ्या माणसाच्या ओल्या अंगावर उडी मारते. उरलेली जमिनीत पसरते. त्या पसरलेल्या विजेमुळे दोन पावलांच्या मधल्या अंतरातही झटका बसतो. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून झाडाखाली बांधलेली बैलजोडी, शेळ्यांचा कळप एका फटक्यात आडवा होतो.

याबाबत आपल्याकडे समजुतींचं पीक अमाप. पायाळू माणसावर वीज पडते, ही त्यातली प्रसिद्ध. जन्मताना आधी पाय बाहेर आले म्हणून आयुष्यभर बिचाऱ्याला पावसात घराबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही! विजेला जन्मवेळ कळत नाही. तिला उंची कळते, एकटेपणा कळतो, उघडं माळरान कळतं. मोबाइल वीज खेचतो, हीसुद्धा तशीच नवी समजूत. खिशातला मोबाइल वीज खेचत नाही. तारेचा जुना टेलिफोन मात्र कडकडाटात कानाला लावू नये, कारण वीज तारेवरून घरात येऊ शकते. तेच नळाचं आणि अंघोळीचं.

सगळ्यात घातक समजूत ही, की वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो. त्या भीतीने लोक लांब उभे राहतात, कुणी शेणात पुरण्याची भाषा करतो आणि मोलाची मिनिटं जातात. वीज त्या अंगात राहत नाही. ती आरपार निघून गेलेली असते. हृदय थांबलेलं असेल तर ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करायची, श्वास द्यायचा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. वीज अंगावर घेऊनही वाचलेली माणसं पुष्कळ आहेत.

उघड्यावर सापडलात तर काय? चार भिंतींचं पक्कं घर किंवा पत्र्याचं छत असलेली, काचा लावलेली मोटार हा खरा आसरा. उघडी पत्र्याची शेड, ट्रॅक्टर, तळ्याचा काठ, विजेचे खांब, तारेचं कुंपण हे आसरे नव्हेत. काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसावं, गुडघ्यांत मान घालावी, कान झाकावेत. आडवं पडू नये. अनेक जण असतील तर एकमेकांपासून लांब लांब बसावं. याने धोका टळत नाही, थोडा कमी होतो इतकंच. म्हणून त्याआधीचा अर्धा तास महत्त्वाचा.

आणि ज्याच्याकडे अॅप नाही, फोन नाही, भोंगा नाही, त्याच्याकडे डोळे आणि कान आहेत. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांचा एक किलोमीटर. आकडा तीसच्या आत आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, खुरपं तिथंच टाकून निघावं. ढगापासून दहा-बारा किलोमीटर लांब, कोरड्या आभाळाखालीही वीज पडलेली आहे. पाऊस थांबला म्हणून लगेच परत शेतात उतरणारे पुष्कळ असतात, आणि मागे रेंगाळलेली एखादी वीज त्यांनाच गाठते. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून घड्याळात पुरता अर्धा तास जाऊ द्यायचा, मग बाहेर पडायचं.